औंधच्या राजानं खरंच राज्य लोकांना देऊन टाकलं का?

विचारलेला प्रश्न असा: "1939 साली औंधच्या राजानं गादी सोडली आणि राज्य प्रजेला देऊन टाकलं, ती भारतातली पहिली लोकशाही, असा मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा येतो. यात खरं किती? हा राजा कोण होता आणि एरवी त्याचा कारभार कसा होता?"

राज्य लोकांच्या हाती दिलं हे खरं. गादी सोडली हे खरं नाही. पहिली लोकशाही म्हणाल, तर तेही चूक. पण एवढ्यावर उत्तर संपवलं तर गोष्टीतला गर तसाच राहील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दक्षिणेतल्या मराठी संस्थानांचे कागद वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि औंधबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. ते ओघात येईलच.

आधी एक खुलासा, कारण पुण्याच्या मुलांचा हमखास घोटाळा होतो. हे औंध पुणे विद्यापीठापलीकडचं नव्हे. हे सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथं पंतप्रतिनिधींची गादी होती. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांच्या जिंजीच्या काळातलं, छत्रपतींच्या गैरहजेरीत त्यांच्या वतीनं कारभार पाहणाऱ्याचं, म्हणून मानानं अष्टप्रधानांच्याही वरचं. किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातले परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष. पुढे पेशवे प्रबळ झाले तसे प्रतिनिधी मागे पडत गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर कैदेतल्या प्रतिनिधींना सोडवायला ताई तेलीण उभी राहिली आणि वासोट्यावरून बापू गोखल्यांशी लढली. "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा" हे त्या वेळचंच. सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर औंध थेट त्यांच्या देखरेखीखाली आलं. सलामीच्या तोफांचा मान नाही, इंग्रजी कागदात बिरुद राजाचं नाही तर नुसतं "चीफ", क्षेत्रफळ पाचशे चौरस मैलांच्या आसपास, गावं बहात्तर, लोकसंख्या लाखाच्या आत.

तेही सलग असतं तर एक वेळ चाललं असतं. संस्थानाचा नकाशा पाहिला की पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की हे चालवायचं कसं? औंध तालुका एकीकडे. आटपाडी तिथून दूर, माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात. कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला. आणि गुणदाळ पार विजापूरकडे, कानडी मुलखात. मधल्या सगळ्या जागेत इंग्रजी अंमल किंवा दुसऱ्या कोणाचं तरी संस्थान. बडोद्याच्या सयाजीरावांची किंवा कोल्हापूरच्या शाहू महाराजांची जी साधनं होती, त्यांच्या पासंगालाही औंध पुरत नव्हतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझ्या मते औंधचं पुढचं सगळं या अडचणीतून निघतं.

प्रश्नातला राजा म्हणजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब. त्यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. गादीचे ते सरळ वारस नव्हते. वडील 1901 मध्ये गेले, मग थोरले बंधू गादीवर आले, त्यांच्यानंतर पुतण्या. या पुतण्याला इंग्रजांनी पदावरून दूर केलं आणि 1909 साली गादी बाळासाहेबांकडे आली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेले, वडिलांच्या हाताखाली संस्थानाची कचेरी पाहिलेले. बहुतेक संस्थानिक अज्ञान वयात गादीवर येत आणि इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली घडत. हा माणूस घडून मग गादीवर आला. हा फरक मला मोठा वाटतो.

आता कारभार. यात मी क्रमानं जाणार नाही, कारण सनावळी कुठेही मिळेल. बाळासाहेबांपाशी द्यायला पैसा फारसा नव्हता. जमीन होती, परवानगी होती आणि माणूस ओळखायची नजर होती. दुसरीकडून उठवलेल्या, नकोशा झालेल्या माणसांना त्यांनी जागा दिली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

पहिलं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले होते. कारखाना जेमतेम उभा राहतोय तोच नगरपालिकेनं शहराच्या वाढीसाठी ती जागा मागितली. लक्ष्मणरावांचा औंधशी संबंध आला होता तो सभागृहाच्या बांधकामाच्या मक्त्यामुळे. बाळासाहेबांना अडचण कळली तेव्हा त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर माळजमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग, पाण्याची बोंब. पण रेल्वे शेजारून जात होती, आणि कारखानदाराला तेच हवं होतं. 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं त्या वेळी शेतकरी म्हणत, नांगर पडून राहत. त्या काळात या कारखान्याला आधार देणं म्हणजे बुडीत खात्यात पैसे घालणंच होतं. एका चिमुकल्या संस्थानच्या दरबारातून दहा हजार बाहेर काढणं किती जड जातं, हे मी जमाखर्च पाहणारा माणूस म्हणून सांगू शकतो. आज लोक त्याला दूरदृष्टी म्हणतात. मला त्यात विश्वास दिसतो. कारखाना मोठा होईल याची खात्री 1910 मध्ये कोणालाच नव्हती, पण माणूस खरा आहे हे बाळासाहेबांनी जाणलं होतं.

दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. मूळचे सावंतवाडीकडचे, जे. जे. त शिकलेले चित्रकार, पुढे वेदांचे अभ्यासक. वेदांवरच्या तेजस्वी लेखनामुळे राजद्रोहाचा ठपका बसला, तुरुंग झाला. हैदराबाद सुटलं, पंजाबात स्टुडिओ थाटला तर तिथंही सरकारची नजर. 1918 च्या सुमारास ते औंधात आले आणि तीस वर्षं राहिले. स्वाध्याय मंडळ तिथलंच. वेदसंहितांच्या शुद्ध छापील आवृत्त्या एका खेड्यातल्या छापखान्यातून देशभर जाऊ लागल्या. ज्याला इंग्रज सरकार संशयित मानत होतं, त्याला त्याच सरकारच्या मांडलिकानं घर दिलं. यात धोका होता. नुकताच एक पुतण्या पायउतार झालेला असताना बाळासाहेबांना तो कळत नसेल असं म्हणता येणार नाही.

राजा स्वतः चित्रं काढत असे, त्यामुळे सातवळेकरांशी मैत्री जुळायला वेळ लागला नसावा. बाळासाहेबांचं चित्ररामायण 1916 मध्ये निघालं. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तीमागेही त्यांची प्रेरणा होती. सचित्र महाभारत काढावं हा मूळ आग्रह त्यांचा आणि त्यासाठी एक लाख रुपयांचं वचनही त्यांचं. वर जे म्हटलं की पैसा नव्हता, त्याला हा अपवाद. विद्वानांना पाठभेद हवे होते, राजाला चित्रं हवी होती. शेवटी विद्वानांचं काम मोठं ठरलं, चित्रं मागे पडली. बाळासाहेबांची चित्रं मी पाहिली आहेत. खरं सांगायचं तर हौशी आहेत. पण ज्याला स्वतःला चित्र काढताना घाम फुटतो त्याला दुसऱ्याच्या चित्राची किंमत कळते. औंधचं भवानी संग्रहालय 1938 मध्ये उघडलं, ते पाहिल्यावर हे पटतं. राजा रविवर्मा, धुरंधर, पहाडी आणि मुघल लघुचित्रं, युरोपातल्या पुतळ्यांच्या प्रतिकृती आणि या सगळ्यात हेन्री मूरचं "माता आणि मूल". सातारा जिल्ह्यातल्या डोंगरउतारावर हेन्री मूर! महाराष्ट्रातल्या कलाशाळांतल्या मुलांना हे माहीत नसतं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

संगीताचंही तेच. ग्वाल्हेर घराण्याचे अंतुबुवा जोशी औंधच्या दरबारी होते. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा तिथंच घडले. राजा स्वतः कीर्तनाला उभा राहत असे. 1935 च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष बाळासाहेब होते, हेही आता फारसं कोणाला आठवत नाही.

आता सूर्यनमस्कार, कारण लोकांना बाळासाहेब आठवतात ते मुख्यतः त्यासाठी. तरुणपणी ते सँडोच्या पद्धतीचा डंबेल्सचा व्यायाम करत. मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून नमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर सोडले नाहीत. नमस्कार मराठी घरात जुनाच होता. समर्थांच्या नावानं तालमीत चालत होता, नवसाचाही असे. बाळासाहेबांनी त्याला एक ठराविक क्रम दिला, श्वासाची आणि मंत्राची जोड दिली, तक्ते छापले, पुस्तकं काढली, चित्रफीत काढली. वयाच्या सत्तरीकडे झुकताना ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांची प्रकृती पाहून लंडनच्या वृत्तपत्रवाल्यांनी या व्यायामाबद्दल रकाने भरले आणि 1938 मध्ये तिथं यावर इंग्रजी पुस्तकही निघालं. आज जगातल्या योगवर्गांत सुरुवातीला जे नमस्कार घालतात, त्यांच्या प्रसाराचा एक मोठा झरा या आडगावातून निघालेला आहे.

पण याच ठिकाणी त्यांच्या स्वभावातली दुसरी बाजू दिसते. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. राजाला जे पथ्य मानवलं ते सगळ्यांनी घ्यायचं. आईबापांच्या मायेनं केलेली असली तरी ती सक्तीच. ज्या खेड्यात पोराला दोन वेळची भाकरी नाही, तिथं आरोग्याचं उत्तर नमस्कारात शोधणं हे मला कधीच पूर्ण पटलेलं नाही. त्यांचे भाबडे चाहते हा मुद्दा टाळतात. मी टाळत नाही, कारण असा हौशी, थोडा हट्टी, सगळ्यांना शिस्त लावू पाहणारा "मायबाप" राजा पुढे सत्ता सोडायला तयार झाला, यात खरी गंमत आहे.

तर आता 1939. इथं तीन माणसं आहेत. एक बाळासाहेब स्वतः. दुसरे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन 1937 च्या सुमारास परतलेले, गांधींच्या विचारानं भारलेले. तिसरा मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधला ज्यू इंजिनिअर. म्हैसूर संस्थानात कारखान्यावर होता, रमण महर्षींकडे जात असे, भारतानंद या नावानंही ओळखला जाई. अप्पासाहेबांची आणि त्याची गाठ पडली आणि तो औंधला आला. पुन्हा तेच: कुठल्याच चौकटीत न बसणारा माणूस आणि त्याला औंधात जागा. (हाच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची वचनं इंग्रजीत नेणारा. पण तो वेगळा विषय.)

1938 मध्ये सत्तरी पूर्ण झाल्यावर बाळासाहेबांनी राज्यकारभार लोकांकडे सोपवणार असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी देशभरात संस्थानांमध्ये प्रजा परिषदांची आंदोलनं पेटलेली होती. राजकोट, जयपूर, हैदराबाद, सगळीकडे लाठ्या आणि अटका. अशा वेळी एका राजानं न मागता, निदान मोर्चा दारात येण्याआधी, हा निर्णय घ्यावा याचं गांधींना अप्रूप वाटलं. पिता-पुत्र गांधींना भेटले. मसुदा फ्रीडमनच्या हातचा असला तरी त्यावर गांधींची छाप स्पष्ट आहे. अप्पासाहेबांनी पुढची दहा वर्षं गावकऱ्यांसारखं साधं राहून काम करावं, असं गांधींनी बजावलं होतं. जानेवारी 1939 मध्ये घटना लागू झाली.

तिचा सांगाडा असा. प्रत्येक गावात प्रौढांनी निवडलेल्या पाच जणांची पंचायत. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका सभा. तालुक्यांतून वर विधिमंडळ. मंत्री विधिमंडळाला जबाबदार. राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा. राजा कोण, तर प्रजेचा पहिला सेवक आणि तिच्या विवेकाचा राखणदार, अशा अर्थाची शब्दयोजना त्या घटनेत आहे. म्हणजे राजा होता, गादी होती, मुजरेही होते. गादी सोडली हा मजकूर या ठिकाणी घसरतो. अप्पासाहेब पंतप्रधान झाले. म्हणजे कारभार घरातच राहिला असं कोणी टीकाकार म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

तरीही हा देखावा नव्हता असं मी म्हणतो. कारण कुठल्याही घटनेची परीक्षा मी एकाच ठिकाणी घेतो: पैसा कोणाच्या हातात गेला? त्या काळच्या कितीतरी संस्थानांनी "प्रतिनिधी सभा" काढल्या होत्या. त्यात भाषणं होत, ठराव होत आणि तिजोरीची किल्ली राजवाड्यात राही. औंधातही 1939 पूर्वी अशी रयतेची सभा होतीच. नव्या घटनेनं महसुलाचा मोठा वाटा राजधानीतून खाली, गाव आणि तालुक्यांकडे वळवला. विहीर कुठं खणायची, शाळेचं छप्पर कधी घालायचं, रस्ता कोणत्या वाडीला न्यायचा हे पाच पंचांनी ठरवायचं. लहानसहान तंट्यांचा निवाडाही गावात, वकिलाशिवाय. ज्या शेतकऱ्याला बांधाच्या भांडणासाठी तीन दिवसांची मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, त्याला हा फरक घटनेचं एक कलमही न वाचता कळला असणार.

आणि आता तो नकाशा पुन्हा डोळ्यासमोर आणा. चार तुकड्यांत विखुरलेलं, उत्पन्नानं बेताचं राज्य औंधच्या वाड्यातून नीट चालणं मुळातच अवघड होतं. गुणदाळच्या कानडी शेतकऱ्याची विहीर औंधच्या कचेरीला कशी दिसणार? गावांनी स्वतः पाहिलं तरच ती होणार. म्हणून बाळासाहेबांच्या निर्णयात त्याग जेवढा आहे तेवढंच व्यवहाराचं शहाणपणही आहे. संतपणाचं वलय लावून आपण तो निर्णय लहान करतो असं मला वाटतं. तीस वर्षं राज्य केलेल्या माणसाला राजधानीतून काय होत नाही हे नेमकं ठाऊक झालं होतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. गावकीत ज्यांचं वजन, पंचायतीतही त्यांचंच वजन. जातीची उतरंड मतपेटीनं एका झटक्यात मोडत नाही. ती आज मोडलेली नाही, तर तेव्हा कुठून मोडणार? आटपाडीचे शंकरराव खरात या संस्थानात वाढले, औंधच्या शाळेत शिकले आणि पुढे कुलगुरूपदापर्यंत पोचले, हे खरं. पण त्यांनी आपल्या माणसांच्या जगण्याबद्दल जे लिहिलं ते वाचलं की आदर्श संस्थानाचं चित्र बरंच खडबडीत होतं. शिवाय वर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होतीच. औंधचं विधिमंडळ कितीही जबाबदार असलं तरी संस्थानांवर नजर ठेवणाऱ्या इंग्रजांच्या पोलिटिकल खात्यानं डोळे वटारले की त्याची मर्यादा उघडी पडणार.

स्वतंत्रपूरची हकीकत याच वर्षातली. आटपाडीजवळ 1939 मध्ये कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. जन्मठेपेच्या कैद्यांनी कुटुंबासह राहायचं आणि शेती करायची. कल्पना फ्रीडमनची, जमीन आणि हुकूम राजाचा. 1957 चा "दो आँखें बारह हाथ" हा शांतारामबापूंचा चित्रपट यावरून सुचलेला. त्याची कथा-पटकथा गदिमांची, आणि गदिमा स्वतः औंध संस्थानातल्या माडगूळचे, शिकायला औंधात राहिलेले. कथा हवेतून आली नव्हती, गावच्या पांदीतून आली होती. चित्रपटातला एकाकी, देवमाणूस जेलर मात्र सिनेमाचा. प्रत्यक्षात आधार होता तो बायकापोरांचा आणि स्वतः कसलेल्या तुकड्याचा. बायकोमुलं सोबत असलेला माणूस पळून कुठं जाणार, हा साधा हिशेब होता. ही वसाहत आजही आहे, महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे.

आणखी एक गोष्ट, जी व्हॉट्सॲपच्या मजकुरात कधीच नसते, पण सातारा-सांगलीच्या माणसाला सांगावी लागत नाही: कुंडल. इंग्रजी अंमलाला झुगारून गावोगाव समांतर कारभार चालवणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं ठाणं, जी. डी. बापू लाडांचं गाव, तुफान सेनेचा गड. आणि कुंडल हा औंध संस्थानाचा तालुका. इथं तो फाटका नकाशा कामाला आला. इंग्रजी हद्दीत काम करायचं आणि औंधच्या हद्दीत यायचं. तिथं इंग्रज पोलिसांना सरळ घुसता येत नसे, संस्थानची परवानगी लागे, आणि औंधच्या पोलिसांची दृष्टी अशा वेळी कमजोर होई. हे सगळं राजाच्या लेखी हुकमानं झालं असं मी म्हणत नाही. डोळेझाकीचा लेखी हुकूम कधी निघतही नाही. पण 1939 नंतर गावोगाव निवडलेले पंच होते, सभा भरवायची, निवाडा करायची सवय लागली होती. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं आणि ग्रामराज्याची भाषा ज्या मातीत रुजली, ती नांगरलेली होती असं मला वाटतं. याचा अभ्यास व्हायला हवा तेवढा झालेला नाही. एखाद्या तरुण संशोधकानं हा विषय घ्यावा.

शेवटची दोन वर्षं वेगानं गेली. दक्षिणेतल्या आठ लहान संस्थानांनी एकत्र येऊन संघ करायचा घाट घातला, औंध त्यात पुढे होतं. पण स्वातंत्र्यानंतर अशा लहान संघांना अर्थ उरला नव्हता. त्यातच 30 जानेवारी 1948 ला गांधीहत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लागली. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. ज्यांना या संस्थानानं जागा दिली होती त्यांतल्या दोघांची ही गत. गांधींच्या सल्ल्यानं घटना करणाऱ्या राज्याच्या परिसरात, गांधींच्या नावानं. 8 मार्च 1948 ला औंध इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं. ज्या पंचायतींना खरा पैसा आणि निवाड्याचा अधिकार होता, त्या प्रांताच्या सरसकट कायद्याखाली आल्या आणि बराचसा अधिकार पुन्हा मामलेदार कचेरीत गेला. म्हणजे स्वराज्य आल्यावर बहात्तर गावांचं स्वराज्य आटलं. हे वाक्य कडू आहे, पण कागद तसंच सांगतात.

अप्पासाहेब नेहरूंच्या सांगण्यावरून परराष्ट्र सेवेत गेले. आधी नैरोबी, नंतर सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, लंडन असा त्यांचा प्रवास झाला. बाळासाहेब 13 एप्रिल 1951 रोजी वारले.

राहता राहिला "पहिली लोकशाही" हा दावा. म्हैसूरची प्रतिनिधी सभा 1881 ची आहे, त्रावणकोरचं विधिमंडळ 1888 चं. तेव्हा पहिलेपणाचा मान औंधला देता येणार नाही. त्या सभांत मताचा अधिकार मूठभरांना होता आणि तिजोरी दरबाराकडे होती. औंधात गावचा प्रौढ माणूस मत देत होता आणि गावाचा पैसा गावात खर्च होत होता. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर "पहिली" हा शब्द काढा, "गादी सोडली" हे काढा, आणि कुंडल, आटपाडी, गुणदाळ ही नावं घाला. औंधला गेलात तर संग्रहालय पाहून परत फिरू नका. आटपाडी आणि कुंडल दोन्ही करा, त्याशिवाय हे राज्य किती विखुरलेलं होतं ते कळत नाही. सोमवारी संग्रहालय उघडं आहे का, ते मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या.